आधी कागद, मग मशीन

‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं की घरातले एकमेकांकडे बघतात. कुणी म्हणतं, त्यांचं लक्षच नसतं. कुणी म्हणतं, सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. खरं तर त्या माणसानं आपल्या कानाचं अगदी अचूक वर्णन केलेलं असतं. वयामुळे किंवा वर्षानुवर्षांच्या गोंगाटामुळे कान कमी होतात, ते सगळ्या आवाजांना सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. जाड, खालच्या पट्टीचे आवाज बरीच वर्षं टिकून राहतात.

सात, हात, खात, पात हे शब्द मोठ्यानं म्हणून बघा. चारही शब्दांत जोर आहे तो ‘आ’चा. तो खालच्या पट्टीतला आणि दणकट, त्यामुळे कुणीतरी काहीतरी बोललं एवढं नक्की ऐकू येतं. सात की हात, हे मात्र पहिल्या व्यंजनावर ठरतं, आणि ‘स’चा आवाज अगदी नाजूक असतो. त्याची बहुतेक शक्ती ४००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असते. म्हातारा कान नेमका तिथं रिकामा झालेला असतो. शांत खोलीत, समोरासमोर, विषय माहीत असला की माणूस गाळलेल्या जागा अंदाजानं भरतो. लग्नाच्या हॉलमध्ये हा अंदाज कोसळतो, आणि मग तो माणूस हसून मान डोलवतो किंवा कोपऱ्यातली खुर्ची धरतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे घराघरांत भांडणं होतात. ‘जरा मोठ्यानं बोल’ म्हणणारा माणूस आपण मोठ्यानं बोललो की ‘ओरडतोस कशाला’ म्हणतो. हा हेकटपणा वाटतो. पण आतल्या कानाच्या पेशी दुबळ्या झाल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच, कधी पूर्वीहून जास्त बोचतो. ऐकू यायला सुरुवात होते ती पातळी वर सरकते, सहन होण्याची पातळी जागची हलत नाही. मधली जागा अरुंद होते. त्यात ओरडण्यानं ‘आ’ तेवढा मोठा होतो, ‘स’ होता तिथंच राहतो. हे एकदा कळलं की घरातला निम्मा राग तरी उतरायला हवा.

असं का होतं, ते कळायला कानात थोडं आत शिरावं लागतं. आवाज अडीच सेंटिमीटरच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागच्या पोकळीत हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांत गुंतलेली असतात. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. पडद्याची थरथर ही साखळी आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोचवते. हा आतला कान म्हणजे कॉक्लिआ. तो शंखासारखा सुमारे अडीच वेढ्यांचा असतो आणि त्यात केशपेशी ओळीनं मांडलेल्या असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खालच्या पट्टीचे. ही विभागणी द्रवातल्या लाटेमुळे कशी होते, हे दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. एका कानात अशा पेशी १५-१६ हजारच असतात. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाशपेशी १० कोटींहून जास्त असतात, त्यामानानं कानाची शिल्लक फारच थोडी. आणि एकदा मेलेली केशपेशी माणसात परत उगवत नाही.

पक्ष्यांमध्ये ती उगवते. हे १९८०च्या दशकात लक्षात आलं आणि तेव्हापासून माणसात ते घडवून आणायचे प्रयत्न चालले आहेत. अजून तसं औषध नाही. ‘कानाच्या नसा पुन्हा जिवंत करणारे थेंब’, ‘१५ दिवसांत मशीनपासून मुक्ती’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसतील तेव्हा एवढं आठवलं तरी पुरे. ओटोफर्लिन नावाच्या एका जनुकातल्या दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या काही मुलांना जनुकोपचारानं ऐकू येऊ लागलं, ही २०२४ साली आलेली बातमी खरी आहे. पण तो एक दुर्मीळ प्रकार. ती बातमी आजोबांच्या कानाला लागू होत नाही.

आता सगळाच कमी ऐकू येण्याचा प्रकार असा न भरून येणारा नसतो, आणि हे आधी समजून घ्यायला हवं. अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल तर तो बहुतेक वेळा दूर करता येतो. मळ साठून दडा बसणं हा त्यातला सगळ्यात साधा. सर्दीनंतर मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, मूल वर्गात मागं पडतं, बाई म्हणतात लक्ष देत नाही. कान फुटणं, म्हणजे पडद्याला भोक पडून वर्षानुवर्षं पू येत राहणं, हा आपल्याकडच्या गरीब वस्त्यांचा जुना आजार आहे. औषधानं कान कोरडा करून शस्त्रक्रियेनं पडदा बसवता येतो. तरी ‘लहानपणापासून वाहतो’ म्हणून सोडून दिलेले कान गावोगाव आहेत. अशा कानात कोमट तेल किंवा लसूण उकळलेलं तेल ओतणं म्हणजे भोकातून थेट मधल्या कानात घाण घालणं. मळ काढायला काडी, पिन, किल्ली काहीही वापरू नये. काडीनं मळ बाहेर कमी येतो, पडद्याकडे जास्त ढकलला जातो. रिकीब जागच्या जागी घट्ट बसण्याचा एक आजार तरुणपणीच सुरू होतो, त्यावरही शस्त्रक्रिया आहे.

दुसरा प्रकार आतल्या कानाचा किंवा तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा. तो बहुधा कायमचा असतो. दोन्ही प्रकार एकत्रही असतात. कोणता आहे याचा पहिला अंदाज कान-नाक-घसा तज्ज्ञ कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) कानाजवळ आणि कानामागच्या हाडावर धरून घेतात. पुढचं काम तपासणीच्या खोलीत.

त्या खोलीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण खात्रीची माहिती तिथं सुरू होते. भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, दार जाडजूड. आत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. कानाला हेडफोन, हातात एक बटण. हेडफोनमध्ये बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो ऐकू आला की बटण दाबायचं, कितीही अंधूक असला तरी. काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, आवाज पायरीपायरीनं कमी करत नेतो आणि ‘अगदी जेमतेम ऐकू आला’ ती पातळी टिपतो. आधी एक कान, मग दुसरा. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक पट्टी. मग कानामागच्या हाडावर एक छोटी पेटी लावून तेच पुन्हा. ही पेटी बाहेरचा आणि मधला कान वगळून हाडातून सरळ आतल्या कानाला हलवते. हाडातून चांगलं ऐकू येत असेल आणि हेडफोनमधून कमी, तर दोष वाटेत आहे. दोन्हीकडून सारखंच कमी असेल तर दोष आत आहे.

शेवटी जो कागद हाती येतो तो ऑडिओग्राम. आडव्या रेषेवर पट्टी, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उभ्या रेषेवर डेसिबल, पण उलटे, वर शून्य आणि खाली मोठे आकडे. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खूण जितकी खाली तितकं ऐकू येणं कमी. वयोमानाचा आलेख डावीकडून उजवीकडे उतरत जातो. गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि ८००० ला रेषा जरा वर येते. ही खूण दिसली की ऑडिओलॉजिस्ट विचारतो, कारखान्यात होतात का? शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारी ती पातळी आहे. डेसिबलची मोजणी गुणाकारानं चालते. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती १० पट होते, २० वाढले की १०० पट. त्यामुळे ‘फक्त ४० डेसिबलचा दोष’ हा ‘फक्त’ नसतो.

याच मोजपट्टीवर पुढचं सगळं ठरतं. जागतिक आरोग्य संघटना २० डेसिबलच्या आतल्या कानाला चांगला म्हणते. दोनपैकी बऱ्या कानातही ३५ डेसिबलहून जास्त दोष असलेल्यांना उपचार किंवा मदत लागते असं धरते. जगात अशी माणसं सुमारे ४३ कोटी आहेत, आणि २०५० पर्यंत ती ७० कोटींवर जातील असा २०२१ सालच्या तिच्या अहवालाचा अंदाज आहे. आपला २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा मात्र बराच पुढून सुरू होतो. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असेल तर श्रवणदोष, ७० आणि पुढे कर्णबधिर. म्हणजे ५० डेसिबल दोष असलेल्या शिक्षिकेला वर्गात मुलांचं बोलणं कळत नाही, पण प्रमाणपत्रापुरती ती धडधाकट ठरते. हा फरक मला अन्यायाचा वाटतो. प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणजे कान ठीक आहेत, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

एका प्रसंगात मात्र कागदाचीही वाट बघत बसायचं नाही. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झालेला असतो, कधी घुं असा आवाज, कधी चक्कर. माणसाला वाटतं दडा बसला असेल, दोन दिवस बघू. हा आतल्या कानाचा झटका असू शकतो. त्यावर स्टिरॉइडचा उपचार असतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी, दोन आठवडे उलटले की आशा बरीच कमी होते. कानात मळ नसताना अचानक ऐकू येणं गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. रविवार असेल तर मोठ्या रुग्णालयात.

बाकी कारणांपैकी गोंगाट हे आपण स्वतःहून ओढवून घेतो, म्हणून त्यावर जरा बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते, १०० डेसिबलला आठवड्यात अवघी २० मिनिटं. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, विद्यार्थी गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. २०२२ आणि २०२३ मध्ये त्यांची सरासरी १०० डेसिबलच्या वर गेली होती. ढोल पथकातली मुलं त्याआधी कित्येक आठवडे सराव करतात, ढोलापासून हातभर अंतरावर. सरावानंतर कान सुन्न वाटतात, दुसऱ्या दिवशी ठीक होतात, म्हणून काही झालं नाही असं त्यांना वाटतं. वारंवार सुन्न होणारा कान एक दिवस पूर्ण परतत नाही. फोमचे कानबोळे स्वस्त असतात आणि ताल त्यातूनही नीट कळतो. ते वाटणारं पथक मला जास्त शिस्तीचं वाटतं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमाग शेडमध्ये तर सण वर्षभर असतो. तिथं आयुष्य काढलेली माणसं घरीही ओरडून बोलतात.

काही औषधंही कान घेतात. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या गटातली इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन. जीव वाचवायला ती लागतात, पण उपचार सुरू होण्याआधी आणि चालू असताना श्रवणतपासणी मागायला हरकत नाही. हट्टी क्षयरोगावर पूर्वी कानामायसिन सर्रास दिलं जायचं आणि त्यातून बरी झालेली अनेक माणसं ऐकू येणं गमावून बसली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ते टाळायची शिफारस केली आणि उपचार गोळ्यांकडे वळले.

जन्मतः येणारा बहिरेपणा हजार बाळांमागे एक ते तीन जणांत सापडतो. गरोदरपणात आईला झालेला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं, हाताबाहेर गेलेली कावीळ ही त्यातली काही कारणं. रुबेलावर लस आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली आणि आता ती लस बाळाच्या नेहमीच्या वेळापत्रकात आहे. जनुकांचा वाटाही मोठा आहे. मामा-भाची, आते-मामे भावंडं यांची लग्नं ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतात, तिथं लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते. आधीच्या पिढीत कुणी जन्मतः बहिरं असेल तर लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

बाळाची तपासणी त्याच्या झोपेतच होते. कानात इवलंसं बोळं घालून आवाज सोडतात, निरोगी आतला कान त्याला उलटा क्षीण आवाज पाठवतो आणि यंत्र तो टिपतं. शंका वाटली तर डोक्याला तारा लावून ‘बेरा’ ही तपासणी करतात, तिच्यात आवाजाला नस आणि मेंदूचा तळ कसा प्रतिसाद देतो ते दिसतं. दुखत नाही, भूल लागत नाही, फार तर झोपेचं औषध. जगभर पाळला जातो तो नियम सोपा आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत मदत. कारण मेंदूतली भाषेची घडण पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात होते. आपल्याकडे हे महिने एका वाक्यात वाहून जातात, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ बाळ दारावरच्या टकटकीला दचकत नसेल, सहा महिन्यांचं होऊनही आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊन एकही शब्द नसेल, तर ते वाक्य म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान राखून तपासणीला जावं. टाळी वाजवून घरच्या घरी बघू नये, बाळ हात हललेला बघून वळतं.

ग्रामीण भागात यासाठी दार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळांतून मुलं तपासतात, आणि जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. पुढची तपासणी जिल्ह्याच्या केंद्रात. कानाच्या मशीननं भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट. त्यात आतल्या कानात तारांची बारीक माळ बसवून केशपेशींना वगळून नसेला थेट विद्युत संकेत देतात. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत पात्र लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते, वयाची अट कडक असते. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं भाषेचं प्रशिक्षण लागतं, आणि ते सांगितलं गेलं नाही म्हणून कपाटात पडून राहिलेली यंत्रं ही फार दुःखाची गोष्ट आहे. ज्या मुलांना इम्प्लांट होणार नाही किंवा ज्यांच्या पालकांना ते नको आहे, त्यांच्या घरच्यांनी भारतीय सांकेतिक भाषेकडे कमीपणानं बघू नये. ती पूर्ण भाषा आहे. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं तिचा १० हजार शब्दांचा कोश केला आहे. मुलाला कुठली तरी भाषा वेळेवर मिळणं महत्त्वाचं, हातानं असो वा तोंडानं.

आता मोठ्या माणसांच्या मशीनबद्दल. मशीन चष्म्यासारखं घातल्याबरोबर लागू पडत नाही. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज, पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, स्वतःचीच चावण्याची कुरकुर, एकदम मेंदूवर येऊन पडतात. जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात दोन-तीनदा सेटिंग बदलून घ्यावं लागतं. किमतीत ही सेवा धरलेली आहे का, घरी नेऊन वापरून बघता येईल का, न जमल्यास परत घेतात का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. दोष दोन्ही कानांत असेल तर शक्यतो दोन्हीकडे मशीन, आवाज कुठून आला ते दोन कानांवरूनच कळतं. सर्वांत महाग तेच सर्वांत योग्य असं नसतं. गोंगाटातल्या बैठका करणाऱ्याची गरज वेगळी, घरी चार माणसांत बसणाऱ्याची वेगळी. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात तो लावला असेल तर विचारा. ऑनलाइन मिळणारी दीड-दोन हजारांची ‘कानाची मशीनं’ बहुतेक वेळा सगळे आवाज सरसकट मोठे करतात. सुरुवातीला सांगितलेल्या, मधली जागा अरुंद झालेल्या कानाला त्याचा त्रासच होतो.

एक बारीक गोष्ट दुकानात क्वचितच कुणी सांगतं. यंत्राच्या बटणासारख्या सेलवर रंगीत चिकटपट्टी असते, १३ नंबरला नारिंगी, ३१२ ला तपकिरी. ती काढली की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. पट्टी काढून मिनिटभर थांबावं, मग सेल बसवावा, तो जास्त टिकतो. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्यात तर बाराही महिने, रात्री यंत्र सेलचं दार उघडं ठेवून ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवावं. सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नयेत, गिळला तर अन्ननलिका भाजू शकते.

माहिती मिळवायची कुठून? मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेली, केंद्र सरकारची. महाराष्ट्राच्या राज्यपालपदी असताना निधन झालेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. तपासणी, मशीन, बाळांचं प्रशिक्षण, योजनांची कागदपत्रं हे सगळं एका छताखाली मिळतं, आणि तिथल्या माणसाला तुम्ही अमुक कंपनीचं मशीन घेतल्यानं काही मिळत नाही. बेळगाव-कारवारकडच्या मराठी वाचकांसाठी म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थाही आहे. जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या कान विभागातही तपासणी होते. खासगीत जाणार असाल तर समोरचा माणूस ऑडिओलॉजिस्ट आहे की नुसता विक्रेता, ते बघा. ऑडिओलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. दुकानातली ‘फुकट तपासणी’ गर्दीच्या रस्त्यावरच्या उघड्या काउंटरवर होत असेल तर तिचा आलेख विश्वासाचा नाही.

इंटरनेटवर वाचायचं तर जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेची श्रवणाची राष्ट्रीय संस्था एनआयडीसीडी आणि ब्रिटनची एनएचएस यांची पानं साध्या भाषेत आहेत आणि त्यांना काही विकायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिअर डब्ल्यूएचओ’ हे फुकट ॲप गोंगाटात आकडे ओळखायला लावून अंदाज देतं. तो अंदाजच, निदान नव्हे. मराठी विश्वकोशात कानाची रचना उत्तम समजते, पण जुन्या खंडांतले उपचार आज बरेच मागे पडले आहेत.

खरी पंचाईत खोट्या माहितीपेक्षा अर्ध्या खऱ्या माहितीची होते. सध्या मशीनच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं, ‘मशीन लावा, स्मृतिभ्रंश टाळा.’ यामागे खरं संशोधन आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी जोडलेले १४ टाळता येण्याजोगे धोके दिले, त्यात कमी ऐकू येणं वरच्या क्रमांकाला आहे. पण दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एकीवर उपाय केला की दुसरी टळेलच असं नाही. ते तपासायला अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना मशीन आणि समुपदेशन, निम्म्यांना नुसतं आरोग्यशिक्षण. २०२३ साली निकाल आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. बुद्धीच्या घसरणीचे धोके जास्त असलेल्या एका गटात मात्र मशीनवाल्यांची घसरण ४८ टक्के मंद होती. जाहिरात हा दुसरा आकडा सांगते, पहिला निकाल गाळते. मशीन घ्यावं ते नातवाचं बोलणं कळावं म्हणून, रस्त्यावर मागून येणारी गाडी कळावी म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे, भीती घालायची गरज नाही.

कमी ऐकणाऱ्याशी बोलताना आधी नाव घेऊन हाक मारावी, तोंडावर उजेड राहील असं समोर बसावं, टीव्ही बंद करावा, वेग जरा कमी ठेवावा आणि नाही कळलं तर तेच वाक्य ओरडून म्हणण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगावं. ‘जाऊ दे, काही नाही’ हे मात्र कधीही म्हणू नये.

घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल, कारखान्यात किंवा ढोलावर वर्षं काढलेलं कुणी असेल, तर या महिन्यात त्यांचा ऑडिओग्राम करून घ्या. त्याची प्रत मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. तारीख टाकून रक्ताच्या रिपोर्टांसोबत फायलीत लावा आणि मशीनच्या दुकानात पाऊल टाकाल तेव्हा ती फाइल काखेत असू द्या.